लेकीसाठी धनुष्य करतेय, दोन मोडली. तिसऱ्याआधी सल्ला हवाय

सुतारपक्षीण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये कंपाउंड धनुष्याची जगज्जेती झाली. तेव्हापासून आमच्या घरातली लाटणी, छत्र्या, फूटपट्ट्या काहीच सरळ धरलं जात नाही, सगळ्यावर दोरी चढते. लेकीला आता नववं लागलंय. यंदा वाढदिवसाला म्हटलं, विकतचं प्लॅस्टिकचं नको, आपण हाताने करू. मला थोडंफार सुतारकाम येतं (स्टूल, मांडणी, पाट इतपत), त्यामुळे नको तेवढा आत्मविश्वास होता.

पहिलं धनुष्य गुलमोहराच्या फांदीचं. सोसायटीत छाटणी झाली होती, फांदी सरळ दिसली, उचलली. दोरी चढवतानाच काडकन गेलं.

दुसऱ्यासाठी बुरुड आळीतून बांबू आणला. उभा चिरला, सव्वा मीटरची कामटी काढली, वरची हिरवी पिवळी साल तासून पॉलिश पेपर मारला. इतकं गुळगुळीत झालं की भिंतीवर लावून ठेवावंसं वाटत होतं. तिसऱ्या बाणाला पाठीवरून एक ढलपी उठली, पाचव्याला मधोमध मोडलं. नशिबाने तेव्हा माझ्या हातात होतं, तिच्या नव्हे.

बाणांचीही तीच गत. हार्डवेअरच्या दुकानातून आठ मिलिमीटरची गोल लाकडी काठी आणली, पाऊण मीटरचे तुकडे केले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक पंचवीस ग्रॅम भरला. सोडला की दहा पावलांवर नाक घासतो.

कुठलं लाकूड घेऊ? बाण कशाचे? दोरी कसली? आणि पोरीच्या हाताला किती ताण झेपतो? सगळंच सांगा.

अर्धवटराव

एक धनुष्य मोडून सीता मिळाली होती. तुम्ही दोन मोडलीत, जावई शोधायला घ्या.

(विषय भारी आहे. वाचतोय.)

वेंगुर्लेकर_बंड्या

ताई, गुलमोहर म्हणजे झाडातला पापड. वाऱ्यानेही मोडतो. त्याचं सोडून द्या.

बांबूचं सांगतो. तुम्ही जे तासून टाकलंत ना, तेच धनुष्य होतं! बांबूचे धागे बाहेरच्या सालीलगत सगळ्यात दाट असतात, आतल्या बाजूला विरळ होत जातात. धनुष्य ओढलं की आपल्यापासून लांबची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दबतं. ताण सोसायला दाट धागे पाठीला हवेत. साल बाहेर ठेवायची आणि तिला नखसुद्धा लावायचं नाही. जे काय तासायचं ते आतून. गाठी बाहेर आल्या असतील तर त्याही भुईसपाट करू नका, टोचणारी कड तेवढी मोडा. गाठीवर धागा तुटला की ढलपी तिथूनच उठते.

बांबू कुठला हेही विचारून घ्या. आमच्याकडे सिंधुदुर्गात माणगा मिळतो, जवळजवळ भरीव आणि बिनकाट्याचा. विदर्भाकडचा मानवेलही चालेल. पोकळ, मोठ्या तोंडाच्या बांबूची भिंत पातळ असते, त्यात जाडी मिळत नाही. वय निदान तीन वर्षं हवं. कोवळ्यावर पांढरी भुकटी असते, पेरांना जुन्या पोपड्यांचे अवशेष असतात; जून झाला की भुकटी जाते, दगडफुलासारखे डाग पडतात. आणि पावसाळा संपल्यावर तोडलेला घ्या. पावसात तोडलेल्याला भुंगा लवकर लागतो, चार महिन्यांत खाली पीठ पडायला लागतं. आजोबा अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायचे. त्याचं शास्त्र मला विचारू नका, पण त्यांच्या माजघराचे वासे अजून शाबूत आहेत.

यंत्रमानव

बंड्याशी सहमत. आता थोडं गणित, घाबरू नका.

कामटीची रुंदी निम्मी केली तर ताकद निम्मी होते. जाडी निम्मी केली तर ताकद एक अष्टमांश होते, कारण जाडीचा घन लागतो. म्हणजे दहा टक्के जाडी उतरवली की सत्तावीस टक्के ताकद गेली. हातात रंधा असलेली सुतारमंडळी इथेच फसतात. रंध्याचा एक हात जास्त फिरला की तिथे बिजागरी होते, सगळा वाक त्या एका जागी येतो आणि तिथेच मोडतं. शेवटचं काम रंध्याने करू नका, काचेच्या तुकड्याने खरवडा. जुने सुतार करायचे तसं.

नऊ वर्षांच्या मुलीची ओढ, म्हणजे दोरी जेवढी मागे खेचली जाते ते अंतर, साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर धरा. लांबी ओढीच्या दुपटीपेक्षा थोडी जास्त तरी हवीच, म्हणजे मीटरभर. पण पहिलंच आहे, एकशेवीस सेंटिमीटर ठेवा. लांब धनुष्य चुका पोटात घालतं. रुंदी मधे तीन, टोकांना सव्वा ते दीड. ताण तीन ते चार किलो पुरे. मोजायला रद्दीवाल्याचा हुकाचा काटा. धनुष्य खुंटीला टांगायचं, दोरीत हूक अडकवून खाली ओढायचं.

अर्धवटराव

पीव्हीसी पाइप गरम करून चपटा करा, अर्ध्या तासात धनुष्य तयार. भुंगा लागत नाही, अमावास्या बघावी लागत नाही.

सुतारपक्षीण

अर्धवटराव, पाइपच लावायचा असता तर प्लंबरलाच वाढदिवसाला बोलावलं असतं.

बंड्या, यंत्रमानव, तुम्ही दोघांनी डोळे उघडले. जे फेकलं तेच ठेवायचं होतं! सालीचे ढलपे अजून गॅलरीत पडलेत, बघून वाईट वाटतंय.

सातपुडा_मास्तर

मी नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात अकरा वर्षं शिक्षक होतो. तिकडे भिल्ल, पावरा वस्ती. धनुष्याला कामठी, बाणाला तीर, आणि दोन्ही मिळून तीरकामठा. शाळेशेजारच्या पाड्यावर एक म्हातारबाबा होते, त्यांच्या ओट्यावर मी अनेक दुपारी काढल्या. तुमचा धागा वाचून त्यांची आठवण झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाबांकडे कोणी पोरासाठी कामठी मागायला आलं की ते आधी पोराला समोर उभं करायचे. हात पुढे करायला लावायचे, छातीपासून बोटांच्या टोकापर्यंत एक काडी धरायचे आणि तिथे नखाने खूण करायचे. ती काडी म्हणजे तीर. कामठीला अजून हातसुद्धा लागलेला नसे. मी एकदा विचारलं, आधी तीर का? ते हसले आणि म्हणाले, मास्तर, तुम्ही आधी चप्पल घेता की आधी पाय बघता?

तीर करताना मी त्यांना कितीदा तरी पाहिलंय. काडी सावलीत वाळवलेली असायची, उन्हात नाही. चुलीतले निखारे पुढे ओढून घ्यायचे, काडी त्यावर धरून फिरवत राहायची. ठेवायची नाही, फिरवायची. जरा वेळाने सालीवर घामासारखे बारीक थेंब येतात. ते आले की काडी मऊ झाली. मग गुडघ्यावर टेकवून, अंगठ्याने दाबून बाक काढायचा आणि गार होईस्तोवर तसंच धरून ठेवायचं. नंतर काडी एका डोळ्यासमोर धरून, दुसरा मिटून, टोकाकडे बघायचे आणि हळूहळू फिरवायचे. जिथे टोक हललं तिथे पुन्हा निखारा. एका तीराला असे आठ-दहा फेरे. बोलायचे नाहीत त्या वेळात. मी काही विचारलं तर उत्तर तीर खाली ठेवल्यावरच मिळे.

दोरीचं ऐकून तुम्हाला नवल वाटेल. दोरी सुताची नव्हतीच, बांबूचीच! सालीची लांब, पातळ पट्टी, घासून गुळगुळीत केलेली, टोकांना दोऱ्याचे फास. ती ताणत नाही, पावसात ढिली पडत नाही आणि सोडली की टणत्कार असा येतो की कोंबड्या उडतात.

आणखी एक. तिथे तीर ओढताना अंगठा लावत नाहीत, पहिल्या दोन बोटांतच धरतात. एकलव्याची गोष्ट मी वर्गात शिकवली तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, गुरुजी, अंगठा नसला तरी काय बिघडतं, आम्ही कुठे लावतो? त्या दिवशी धडा माझाच झाला.

यंत्रमानव

मास्तर, प्रतिसाद वहीत उतरवून ठेवण्यासारखा. एक बारीक भर घालतो. अंगठ्याशिवाय ओढणारे भिल्ल एकटेच नाहीत. ऑलिंपिकमधले तिरंदाजही दोरी तीन बोटांनीच धरतात. अंगठ्याने ओढायची रीत तुर्क, मंगोल, चिनी, जपानी यांची. त्यासाठी अंगठ्यात कडं किंवा हातमोजा लागतो. द्रोणाचार्यांनी अंगठा मागितला म्हणजे त्यांच्या शाळेत अंगठ्याची रीत असावी, असा माझा तर्क. तर्कच.

"आधी तीर" मात्र शंभर टक्के बरोबर. सुतारपक्षीण, तुमच्या पंचवीस ग्रॅमच्या काठीला तीन-चार किलोचं धनुष्य काय ढकलणार?

कौटिल्याचा_कारकून

मास्तरांची बांबूची दोरी वाचून उठून बसलो. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराध्यक्षाचा, म्हणजे शस्त्रागाराच्या प्रमुखाचा, अध्याय आहे. त्यात धनुष्याचं साहित्य चार प्रकारचं सांगितलंय: ताल म्हणजे ताड, चाप म्हणजे बांबू, दारव म्हणजे लाकूड आणि शार्ङ्ग म्हणजे शिंग. पुढे दोऱ्यांची यादी: "मूर्वार्कशणगवेधुवेणुस्नायूनि ज्याः". मूर्वा, अर्क म्हणजे आपली रुई, शण म्हणजे ताग, गवेधु नावाचं गवत, वेणु म्हणजे बांबू आणि स्नायू. सरकारी शस्त्रागारासाठी लिहिलेली बांबूची दोरी मास्तरांनी धडगावच्या ओट्यावर पाहिली!

मूर्वा म्हणजे नेमकी कुठली वनस्पती यावर जाणकारांत एकमत नाही. एक दावेदार म्हणजे आपण कुंडीत लावतो त्या स्नेक प्लांटचे भाऊबंद. त्यांच्या पानांतून खरोखर चिवट धागा निघतो.

रानभूल

लाकडाचंच धनुष्य हवं असेल तर धामण. साप नव्हे, झाड. संस्कृतात त्याला धन्वन, धनुर्वृक्ष असंच म्हणतात, आणखी काय दाखला हवा? पान बुडाशी तिरकं, एक बाजू मोठी, एक लहान. फळं वाटाण्याएवढी, पिकली की काळपट जांभळी, आंबटगोड. लाकूड चिवट आणि लवचिक, म्हणून कुऱ्हाडीचे दांडे त्याचे करतात. सालीचाही दोर निघतो.

पण कृपा करून जंगलात जाऊन तोडू नका. गावाकडे कोणाच्या बांधावर असेल आणि छाटणी होणार असेल, तर मनगटाएवढी सरळ फांदी मागून घ्या. उभी चिरा, टोकांना मेण किंवा फेव्हिकॉल लावा म्हणजे तडकणार नाही, आणि सावलीत सहा महिने तरी विसरून जा. पाठीचं, म्हणजे सालीखालचं वाढीचं पहिलं वलय अखंड राहिलं पाहिजे. बांबूत जशी साल, तसं लाकडात हे वलय.

रुईचा धागा काढून बघणार असाल तर वाळलेल्या दांड्यांचा काढा. ओल्या रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, दिसेनासं होऊ शकतं. मुलांना हात लावू देऊ नका.

सुतारपक्षीण

सहा महिने! वाढदिवस पाच आठवड्यांवर आलाय. धामण पुढच्या वर्षीसाठी. आत्ता बांबूच.

नेकारकाठ

श्टुटगार्टहून लिहितोय. इथे पोरांची धनुष्यं सर्रास हेझलच्या काठीची असतात. हिवाळ्यात पानं गळल्यावर बुंध्यातून फुटलेली सरळ काठी तोडायची, पाठीची साल तशीच ठेवायची, पोट तासायचं. पाठीला हात लावायचा नाही हा नियम इथेही तोच. माझ्या मुलाने शाळेच्या शिबिरात केलं, तेव्हा गुरुजींनी पहिला अर्धा तास नुसतं एवढंच बजावलं.

इंग्लंडचं मेरी रोझ हे जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं. त्यात शंभराहून जास्त लाकडी धनुष्यं सापडली, पुरुषभर उंचीपेक्षाही लांब. ती यू झाडाची. पाठीला त्याचं पांढरं बाहेरचं लाकूड, पोटाला लालसर गाभा. एकाच फांदीत ताण सोसणारं आणि दाब सोसणारं अशी दोन लाकडं निसर्गानेच चिकटवून दिलेली!

ती युद्धाची झाली. तुमच्या कामाची खरी गोष्ट कालाहारीतल्या सान लोकांची. त्यांचं धनुष्य लहानसं, ताण अगदी कमी, बाण बोरूसारख्या पोकळ गवताचा, बिनपिसांचा, हलका. त्यावर मोठी जनावरं मारतात, कारण सगळं काम एका भुंगेऱ्याच्या अळीच्या विषाचं. बाण फक्त कातडीत रुतला की झालं. धनुष्य किती मोठं हे बाणाकडून काय हवं त्यावर ठरतं, हे तिथेही दिसतं.

अर्धवटराव

बाईंना नऊ वर्षांच्या पोरीसाठी धनुष्य हवंय आणि तुम्ही भुंगेऱ्याच्या विषापर्यंत पोचलात. वाढदिवसाला येणाऱ्या मुलांच्या आयांनी हा धागा वाचू नये.

चष्मेबद्दूर

मी नेत्रतज्ज्ञ आहे, त्यामुळे जरा रंगाचा भंग करतो.

१९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी टीव्हीवर रामायण लागायचं तेव्हा मी शिकाऊ डॉक्टर होतो. सोमवारची ओपीडी मला अजून आठवते. खराट्याची काडी, बांबूची कामटी, सायकलच्या ट्यूबची दोरी. एका मुलाच्या बुबुळात काडीचं टोक तसंच होतं, आई त्याचे दोन्ही हात धरून बसली होती. बाण सोडणारा त्याचा धाकटा भाऊ. तो दाराबाहेर उभा, आत यायला तयार नाही.

हलका बाण म्हणजे सुरक्षित बाण नव्हे. खराट्याची काडी एक-दोन ग्रॅमची असते, तिने डोळा जातो. टोक बोथट करा एवढंही पुरत नाही, टोक मोठं हवं. डोळ्याच्या खोबणीची रुंदी साधारण चार सेंटिमीटर असते. बाणाची बोंडी, म्हणजे टोकाचा गोळा, पाच सेंटिमीटर व्यासाची असली की ती खोबणीत शिरतच नाही, हाडावर अडते. नाटकांत, खेळांत बाण वापरतात तिथे हाच हिशेब. शिवाय गॉगल, आणि बाण आणायला जाताना सगळ्यांची धनुष्यं खाली. हे तीन जमत नसेल तर केक कापा आणि पत्ते खेळा.

सुतारपक्षीण

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. दाराबाहेरचा तो धाकटा भाऊ डोक्यातून जात नाहीये. गॉगल आजच मागवले, चार.

पण पाच सेंटिमीटरची बोंडी लावली तर बाण पुन्हा जड नाही का होणार?

यंत्रमानव

जुनी स्लिपर आहे का घरात? हलक्या फोमची. त्याची गोल चकती कापा, मधे अर्ध्यापर्यंत भोक पाडून काडी बसवा, वर फडक्याची टोपी करून दोऱ्याने आवळा. सगळी मिळून चार-पाच ग्रॅमच्या आसपास भरते. आणि वजन पुढे हवंच असतं. बाण बोटावर तोलला की तोल मध्यापासून लांबीच्या दहा-पंधरा टक्के पुढे यायला हवा. साठ सेंटिमीटरच्या बाणाला सहा ते नऊ सेंटिमीटर. तसं नसेल तर बाण हवेत शेपूट हलवत जातो.

मात्र हलकेपणालाही तळ आहे. दोरीतली ताकद बाण घेऊन जातो, उरलेली धनुष्यालाच परत बसते. बाण फारच हलका असेल तर धनुष्याचे हात, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंचे भाग, हादरतात. म्हणूनच रिकामी दोरी ओढून सोडू नये, लेकीला पहिलं हेच शिकवा. लाकडी धनुष्याला ताणाच्या दर किलोमागे दीड ग्रॅम तरी बाण हवा असं धरतात. चार किलोला सहा ग्रॅम. दहा-बारा ग्रॅमचा बाण झाला तर निर्धास्त.

वेंगुर्लेकर_बंड्या

काडीसाठी ओढ्याकाठचा देवनळ बघा, ज्याचे बोरू करायचे तो. वाळलेला, करंगळीपेक्षा बारीक. दोरी बसायची खाच पेराच्या गाठीला लागून, बाहेरच्या अंगाला कापा, म्हणजे चीर गाठीपाशी थांबते. आणि खाचेखाली दोरा घट्ट गुंडाळून फेव्हिकॉल. आम्ही लहानपणी ज्वारीच्या धाटाचे करायचो (मामा बार्शीचा), पुढे बाभळीचा काटा खोचून. डॉक्टर, माफ करा.

पिसं कोंबडीची चालतात. एका बाणाची तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची घ्या. डावं-उजवं मिसळलं की बाण गोंधळतो. आणि गल्लीत खेळायचं असेल तर पिसं कापू नका, चांगली रुंद ठेवा. वारा धरतात, बाण लवकर पडतो. शेजाऱ्यांशी संबंध टिकतात.

दोरीसाठी मोच्याकडचा मेणदोरा. सुतळी नको, ताणते. नायलॉनही ताणतं.

सुतारपक्षीण

चार आठवड्यांनी परत आले. लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

मास्तरांचं ऐकलं. लेकीला भिंतीला उभी केली, छातीपासून बोटांपर्यंत काडी धरली, नखाने खूण केली. तिला वाटलं, लस टोचायची आहे. काडी भरली एकोणसाठ सेंटिमीटर. म्हणजे बाण साठाचा.

देवनळ मुळशीच्या रस्त्याला एका ओढ्यावर मिळाला. पंचवीस काड्या आणल्या, गॅलरीत सावलीत बांधून ठेवल्या. वाळल्यावर सोळा इतक्या वाकड्या झाल्या की फेकल्या. उरलेल्या नऊ गॅसवर शेकायला घेतल्या. पहिल्या दोन जळाल्या, कारण मी फिरवायच्या ऐवजी धरून ठेवल्या. "ठेवायची नाही, फिरवायची" हे वाचून झालं होतं, पण हाताला ते कळायला दोन काड्या लागल्या. तिसरीला मात्र ते घामाचे थेंब दिसले. मास्तर, मी ओरडलेच! बारीक, चकचकीत, सालीवर ओळीने. दाबलं तर काडी मेणासारखी वळली. त्यानंतर एक डोळा मिटून टोक बघायचं वेड लागलं. ऑफिसात पेन्सिलीसुद्धा तशा बघतेय.

सहा बाण जमले. पिसं कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडून आणली. "कशाला हवीत?" विचारलं, सांगितलं, तर त्याने स्वतः निवडून उजव्या पंखाची वेगळी करून दिली. पैसे घेतले नाहीत. बोंड्या नवऱ्याच्या स्लिपरच्या. त्याला अजून दुसरी सापडत नाहीये. वजनं दहा ते बारा ग्रॅम. तोल मध्यापुढे सव्वा आठ सेंटिमीटर.

मग धनुष्य. बुरुड आळीत परत गेले, ते काका ओळखीचं हसले. जाड भिंतीचा, डाग पडलेला, जुना मागितला. "आता कळलं तुम्हाला," म्हणाले. चिरून त्यांनीच दिला. मी निम्मा दिवस चिरत बसले असते, त्यांनी कोयत्याचे तीन घाव घालून सरळ फाडला. साल बाहेर, रंधा कपाटात, हातात फुटलेल्या आरशाची काच.

यंत्रमानव, त्या घनाने माझा जीव खाल्ला. धनुष्याचा डावा हात छान वाकत होता, उजवा ढिम्म. भिंतीवर कोळशाने वाकाची रेघ काढली, धनुष्य उलटं करून तिच्यावर धरलं, फरक दिसला. जिथे ताठ तिथे काचेचे वीस हात, मग दोरी चढवून तीसेक वेळा थोडं थोडं ओढायचं, मग पुन्हा रेघ. हे पाच संध्याकाळ चाललं. पाचव्या दिवशी उजवा हात बरोबर आला आणि तेवढ्यात डावा जरा जास्तच वाकतोय असं वाटायला लागलं. तिथे मी काच खाली ठेवली. एवढं तरी शिकले!

काट्यावर पंचेचाळीस सेंटिमीटरला साडेतीन किलो. दोरी मेणदोऱ्याचे दहा पदर पिळून. मुठीवर अंगठा उभा केला की जेवढं, तेवढं अंतर दोरी आणि धनुष्यात ठेवलंय, तिच्या मुठीचं, माझ्या नव्हे.

चष्मेबद्दूर

आणि गॉगल?

सुतारपक्षीण

लावले, डॉक्टर. मी पण. मैदानावर चुन्याची रेघ मारली, रेघेच्या पुढे कोणी गेलं की सगळी धनुष्यं जमिनीवर. एकच धनुष्य होतं, तरी नियम पाळला.

पहिला बाण पंधरा पावलं गेला आणि डावीकडे पडला. दुसराही डावीकडे. तिसराही. सहाच्या सहा डावीकडे, पण एकमेकांच्या शेजारी! लेक उजव्या हाताने ओढते, बाण धनुष्याच्या डाव्या अंगाने जातो. माझं काय चुकलंय?

यंत्रमानव

काही चुकलेलं नाही. शेजारी पडले म्हणजे धनुष्य आणि हात दोन्ही ठीक आहेत, काडी जरा ताठ आहे. सुटताना बाण धनुष्याला वळसा घालून जातो, थोडा लवतो. लवत नसेल तर डावीकडे फेकला जातो. पुढचे बाण किंचित बारीक काडीचे करा, नाहीतर आहेत त्यांच्याच बोंडीत थोडं वजन वाढवा. पुढे वजन असलं की काडी जास्त लवते.

सातपुडा_मास्तर

बाबा अशा वेळी तीराला हात लावत नसत. पोराला म्हणायचे, उजवीकडे बघून मार. आठवड्याभरात पोरगं विसरायचं की आपण उजवीकडे बघतोय.

पुढचे तीर मात्र बारीक करायचे.

सुतारपक्षीण

दोन्ही करते. सात नव्या काड्या गॅलरीत वाळतायत. काल आठव्या बाणाला वॉचमनकाकांच्या खुर्चीची पाठ लागली. ते रिकामी खुर्ची बघून म्हणाले, "बरं झालं उठलो होतो," आणि बाण उचलून, एक डोळा मिटून टोकाकडे बघितलं. विचारलं तर म्हणाले, गाव तळोद्याकडे, म्हणजे धडगावच्या शेजारीच. रविवारी त्यांना चहाला बोलावलंय, मास्तर. दोरी बांबूची करता येते का ते विचारायचंय.

अर्धवटराव

नवऱ्याची दुसरी स्लिपर सापडली का?

सुतारपक्षीण

सात बोंड्या करायच्या आहेत. नाही सापडणार.